कामाचा पहिला दिवस आणि कामगाराची भाषा

सकाळच्या पाळीची वेळ झाली की बेळगावच्या उद्यमबागेचे रस्ते माणसांनी भरून जातात. खानापूर रस्त्याने बस येतात, टेंपो येतात, एका दुचाकीवरून तिघे येतात. पिरनवाडी, मच्छे, देसूर, येळ्ळूर आणि त्यांच्याही पलीकडच्या खेड्यांतली ही माणसे. हातात डबा, खांद्याला पिशवी. या गर्दीत एखादा पोरगा नवा असतो आणि तो लगेच ओळखू येतो. तो फाटकाशी थांबतो, पहारेकऱ्याला ‘साहेब’ म्हणतो आणि आत कोणत्या बाजूला वळायचे हे न समजून इकडेतिकडे पाहतो.

त्याला कार्यालयात बसवले जाते. नाव, वडिलांचे नाव, गाव, आधार क्रमांक, बँकेचे खाते. मग दोन-तीन छापील कागद पुढे सरकवले जातात. त्यांतल्या एकावर लिहिलेले असते की कारखान्यातील सुरक्षिततेविषयी सर्व माहिती मला देण्यात आली असून ती मला समजली आहे. हा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो, कधी कन्नडमध्ये असतो. पोराचे शिक्षण गावच्या मराठी शाळेत झालेले. त्याला बोलण्यापुरते कन्नड येते, वाचता मात्र येत नाही. तो विचारतो, “कुठं सही करू ओ?” बोट दाखवले जाते, तेथे तो सही करतो. अर्ध्या तासात तो भट्टीपाशी किंवा प्रेसपाशी उभा असतो.

सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की आपण शाळांविषयी, सातबारा उताऱ्याविषयी, बसवरच्या पाट्यांविषयी बोलतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून हे बोलणे चालू आहे आणि २००४ साली तो वाद सर्वोच्च न्यायालयातही गेला. हे सारे महत्त्वाचे आहेच. पण या साऱ्या चर्चेत कारखान्यातल्या त्या कागदाचा उल्लेख सहसा होत नाही. दाखला न समजलेल्या भाषेत मिळाला तर माणसाचा हेलपाटा होतो. सूचना न समजलेल्या भाषेत मिळाली तर बोट जाते, डोळा जातो, कधी माणूसच जातो.

“काळजी घ्या म्हणाले की ओ”

मी स्वतः काही वर्षे ओतशाळेत, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरळ फाउंड्री म्हणतात तेथे काम केले आहे. त्या काळातली एक गोष्ट सांगतो. आमच्याच बाजूच्या गावातला एक मुलगा शेजारच्या एका कारखान्यात लागला. चौथ्या की पाचव्या दिवशी त्याच्याकडे लोखंडाच्या रसावरची मळी काढण्याचे काम आले. सळई बाहेर उघड्यावर पडलेली होती, रात्री पाऊस झाला होता. त्याने ती उचलली आणि थेट रसात घातली. ओल्या सळईवरच्या पाण्याची क्षणात वाफ झाली, रस उसळला आणि त्याच्या हातावर व गालावर उडाला. डोळा थोडक्यात वाचला.

दवाखान्यात त्याला भेटायला गेलो तेव्हा विचारले, “बाळा, कामावर घेताना तुला काही सांगितलं नव्हतं काय?” तो म्हणाला, “सांगितलं की. काळजी घ्या म्हणाले की ओ मामा.”

सळई आधी तापवून कोरडी करायची, हे कारखान्याच्या नियमांच्या कागदात इंग्रजीत छापलेले होते. त्या कागदावर त्याची सहीही होती. म्हणजे कागदोपत्री त्याला सर्व काही सांगितले गेले होते. प्रत्यक्षात त्याच्यापर्यंत पोचला तो एकच शब्द, काळजी. काळजी घ्या हा आशीर्वाद झाला. सळई कोरडी करून मगच रसात घाल, ही सूचना झाली. या दोहोंमधले अंतर त्या मुलाच्या गालावर कायमचे उमटले आहे.

त्याच काळात आमच्या खात्याचे फोरमन कन्नड भाषिक होते, आणि माझ्या पाहण्यातले उत्तम शिक्षक तेच होते. ते नव्या माणसाला भट्टीपाशी उभे करत, मोडक्यातोडक्या मराठीत दोन वाक्ये सांगत आणि मग म्हणत, “आता तू सांग मला.” मुलाने आपल्या शब्दांत सांगेपर्यंत ते त्याला हत्याराला हात लावू देत नसत. भाषेचा प्रश्न म्हणजे एका भाषेने दुसरीशी केलेले भांडण नव्हे, हे मी त्यांच्याकडे शिकलो. समोरच्याला समजले की नाही, एवढे ते पाहत.

भोपाळचा धडा

न समजणाऱ्या भाषेतली माहिती ही नसलेल्या माहितीसारखीच असते, हे देशाला एका फार मोठ्या दुर्घटनेनंतर कळले. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळमधील युनियन कार्बाईडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले, टाकी तापली आणि विषारी वायू शहरावर पसरला. हजारो माणसे मरण पावली. या दुर्घटनेची कारणे अनेक होती. सुरक्षेची यंत्रणा बंद किंवा अपुरी होती, माणसे कमी केलेली होती, प्रशिक्षणाचा काळ घटवलेला होता. त्याबरोबर आणखी एक गोष्ट नोंदली गेली. कारखान्यातील कामाच्या व सुरक्षिततेच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या आणि तेथे काम करणाऱ्या अनेकांना हिंदीच येत होते.

केवळ भाषेमुळे भोपाळ घडले असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण आपल्या हाताखाली काय आहे, ते कशाने बिघडते आणि बिघडले तर काय करायचे, हे कामगाराला माहीत असणे हा सुरक्षेचा एक भाग आहे, हे त्यानंतर मान्य झाले. १९८७ साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती करण्यात आली. कामगारांना सुरक्षिततेसाठी लागणारी माहिती, सूचना, प्रशिक्षण व देखरेख पुरवणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. आरोग्य व सुरक्षिततेची माहिती मालकाकडे मागण्याचा आणि प्रशिक्षण मिळवण्याचा हक्कही कामगाराला त्याच वेळी मिळाला.

कायदा काय म्हणतो?

१९४८ च्या मूळ कारखाना अधिनियमात कलम १०८ खाली भाषेची एक तरतूद होती. कायद्याने लावणे बंधनकारक असलेले फलक इंग्रजीत आणि त्या कारखान्यातील बहुसंख्य कामगारांना समजेल अशा एका भाषेत असावेत, असे त्यात म्हटले होते. त्यातील शब्दयोजना लक्षात घेण्यासारखी आहे. राज्याची भाषा, जिल्ह्याची भाषा किंवा मालकाची भाषा असे तेथे म्हटलेले नव्हते, कामगारांना समजणारी भाषा असे म्हटले होते. ज्या खात्यात दहातले सात-आठ जण मराठी आहेत, तेथे मराठी फलक मागणे ही कधीच मेहेरबानीची गोष्ट नव्हती.

त्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये तरुण कामगारांविषयी आणखी स्पष्ट नियम होता. धोकादायक यंत्रावर त्यांना उभे करण्यापूर्वी त्या यंत्राचे धोके व घ्यावयाची खबरदारी पूर्णपणे समजावून सांगितलेली असली पाहिजे, आणि एक तर पुरेसे प्रशिक्षण झालेले असावे किंवा जाणत्या माणसाची देखरेख असावी.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या. कारखाना अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यासंबंधीच्या संहितेने घेतली. तिच्या कलम ६ मध्ये माहिती, सूचना, प्रशिक्षण व देखरेख पुरवण्याचे मालकाचे कर्तव्य कायम आहे. नेमणूकपत्र देणेही त्याच कलमाने बंधनकारक केले आहे. कलम १४ प्रमाणे सुरक्षिततेची माहिती मागण्याचा हक्क कामगाराला आहे. समोर गंभीर इजेचा धोका दिसत असेल तर तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्कही आहे. ही संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. म्हणजे पत्र्याच्या शेडमधील बारा माणसांचे वर्कशॉपही मालकाच्या या कर्तव्यातून सुटलेले नाही.

कायद्याने प्रशिक्षण द्या म्हटले. पण प्रशिक्षण दिले गेले याचा पुरावा म्हणून सही घेतली जाते, आणि सहीला भाषा कळावी लागत नाही. खरी मेख येथे आहे.

ओतशाळेत नव्या माणसाला काय सांगायचे?

आपल्या भागातील तरुण मोठ्या संख्येने ज्या कामांत जातात ती कामे ठरलेली आहेत. ओतशाळा, लेथ, पॉवर प्रेस, ग्राइंडिंग. त्यांतले धोके जुन्या माणसांना पाठ असतात, पण नव्याला ते दिसत नाहीत. म्हणून ते त्याच्या भाषेत, कारणासह सांगावे लागतात. कारण कळले की नियम लक्षात राहतो.

ओतशाळेतील पहिला नियम पाण्याचा. लोखंडाचा रस सुमारे १४०० अंश सेल्सिअसला ओतला जातो. त्यात थोडे पाणी गेले तरी त्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती मूळच्या दीड हजार पटींहून अधिक जागा मागते. रसाच्या पोटात ही वाफ तयार झाली की रस बाहेर फेकला जातो. म्हणून सळई कोरडी, बादली तापवलेली, साचा ओलसर नसलेला, भट्टीभोवतीची जमीन कोरडी हवी. भंगारात तोंड बंद असलेली नळी, डबा किंवा शॉक ॲबसॉर्बर असेल तर तो भट्टीत टाकायचा नाही, कारण आत अडकलेली हवा, तेल वा पाणी तापून तो फुटतो. पावसाळ्यात उघड्यावर भिजलेले भंगार तसेच भट्टीत जाता कामा नये. आपल्या भागात पाऊस किती पडतो हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट कपड्यांची. नायलॉन, टेरिकॉटसारखे कापड ठिणगीने वितळते आणि कातडीला चिकटते, म्हणून जाड सुती कपडे घालायचे. पँटचे टोक बुटाच्या आत खोचायचे नाही, बाहेर ठेवायचे. आत खोचले तर वरून ओघळलेला रस सरळ बुटात उतरतो.

तिसरी गोष्ट धुळीची. साच्याच्या वाळूतील सिलिकाची सर्वांत घातक धूळ डोळ्यांना दिसत नाही. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस हा आजार होतो. तो वर्षानुवर्षे कळत नाही, आणि झाला की बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधला की झाले, ही समजूत खोटी आहे. रुमालातून ही बारीक धूळ आत जाते, तिच्यासाठी योग्य मास्कच लागतो. सुका झाडू मारून किंवा हवेच्या नळीने जमीन साफ करणे म्हणजे बसलेली धूळ पुन्हा नाकासमोर आणणे होय. पाळी संपल्यावर त्याच हवेच्या नळीने अंगावरचे कपडे झटकण्याची पद्धत तर सर्रास दिसते. तीही थांबली पाहिजे. गमतीने दुसऱ्याच्या अंगावर ती नळी धरणे जीवघेणे ठरू शकते.

लेथ, प्रेस आणि ग्राइंडर

लेथवर चकची चावी चकमध्येच राहिली आणि यंत्र सुरू झाले तर ती गोळीसारखी सुटते. चावी फिरवून झाली की हाताबरोबरच बाहेर आली पाहिजे. फिरत्या लेथवर आणि ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत, हे नव्या माणसाला उलटे वाटते. हातमोजा संरक्षणाचा, मग नको का? कारण तो अडकला तर हातासकट ओढला जातो. हेच मनगटातल्या गंड्यादोऱ्याचे, कड्याचे, अंगठीचे, सुटलेल्या बाहीचे. देवाचा दोरा काढायला सांगणे अवघड जाते. पण ते घरच्यासारख्या भाषेत सांगितले तर मुले ऐकतात. “देव घरी ठेव, सुट्टी झाल्यावर पुन्हा बांध,” असे आमचे फोरमन म्हणत. निघालेला किस हाताने ओढायचा नाही, आकडा किंवा ब्रश वापरायचा.

पॉवर प्रेसला दोन बटणे दिलेली असतात, ती दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून. माल लवकर निघावा यासाठी एका बटणात लाकडाची पाचर ठोकून एका हाताने प्रेस चालवण्याचे प्रकार होतात. नव्या मुलाला ही युक्ती वाटते. ती युक्ती नव्हे, तर बोटे घालवण्याची सोय आहे, हे त्याला पहिल्याच दिवशी कळले पाहिजे.

ग्राइंडरचे चाक बसवण्यापूर्वी लाकडी मुठीने हलके वाजवून पाहतात. नेहमीच्या दगडी चाकाचा आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर चाकाला तडा असण्याचा संभव. चाक सुरू केल्यावर मिनिटभर बाजूला उभे राहायचे, समोर नाही. टेकणी आणि चाक यांत साधारण ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाही तर काम आत ओढले जाते. चष्मा नसेल तर कामच सुरू करायचे नाही.

यंत्र दुरुस्त करताना मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचे आणि चावी दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात ठेवायची. कुलपाची सोय नसेल तेथे निदान फ्यूज काढून तो आपल्या खिशात ठेवायचा आणि ‘माणूस काम करतो आहे’ अशी पाटी लावायची. ही पाटी सर्वांना वाचता येईल अशीच हवी. येथे एका माणसाचा जीव दुसऱ्याच्या वाचण्यावर अवलंबून असतो.

फसवणारे शब्द

भाषेचे घोटाळे किती बारीक असतात पाहा. मराठीत ‘धोका’ म्हणजे संकट. हिंदीत ‘धोखा’ म्हणजे फसवणूक, संकटाला ते ‘खतरा’ म्हणतात. कन्नड पाटीवर ‘अपाय’ लिहिलेले असते. हा शब्द कानावर पडला तर मराठी माणसाला अंदाज येतो, पण लिपी येत नसल्याने पाटीवरचा तोच शब्द त्याच्यासाठी मुका राहतो. ‘एच्चरिके’ म्हणजे सावधगिरीची सूचना, हे मात्र ऐकूनही कळत नाही. हिंदीत ‘सुरक्षा शिक्षा’ म्हणजे सुरक्षेचे शिक्षण. मराठी मुलाला वाटते, चूक झाली तर होणारी शिक्षा. इंग्रजीतील ‘इनफ्लेमेबल’ हा शब्द तर इंग्रजी जाणणाऱ्यांनाही फसवतो. सुरुवातीच्या ‘इन’मुळे तो पेट न घेणारा असा वाटतो, प्रत्यक्षात अर्थ नेमका उलटा आहे. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी नुसते ‘फ्लेमेबल’ लिहितात.

आपल्या मराठीचाही येथे दोष आहे. ‘ज्वालाग्राही’, ‘संरक्षक उपकरणे परिधान करणे अनिवार्य’ असे लिहिले की मराठी फलक लावल्याचे समाधान मिळते, पण भट्टीवरच्या पोराला तेही परकेच. ‘लगेच पेट घेतो’, ‘चष्मा आणि बूट घालूनच आत या’ असे लिहावे. चक, गार्ड, ब्रेकर, मास्क हे शब्द कामगारांचेच झालेले आहेत, त्यांना शुद्ध करण्याच्या नादी लागू नये.

आणखी एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा उमजली. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘हात घालू नको’ असे कोणी यंत्रांच्या गोंगाटात ओरडले तर ऐकणाऱ्याला ‘हात घालू’ एवढे ऐकू येण्याचा संभव असतो, ‘नको’ आवाजात बुडते. कन्नडमध्येही तीच रीत आहे. ‘मुट्टबेड’ म्हणजे हात लावू नको, त्यातले नकाराचे ‘बेड’ शेवटीच. म्हणून ओरडून द्यायची सूचना एका शब्दाची आणि होकारार्थी असावी. ‘थांब’, ‘मागं हो’. ज्या खात्यात तीन भाषांची माणसे आहेत तेथे एक शब्द आणि एक हाताची खूण पहिल्याच दिवशी ठरवून द्यावी. ‘स्टॉप’ हा शब्द आणि वर उचललेला हात कोणालाही कळतो. क्रेनवाल्याच्या खुणा जशा ठरलेल्या असतात, तशाच या.

कागदाने भागत नाही

मराठी फलक लावले की प्रश्न सुटला, असेही नाही. आपल्या घरांत आज दोन तऱ्हेची मुले आहेत. एक मराठी शाळेत शिकलेली, ज्यांना कन्नड बोलता येते पण वाचता येत नाही. दुसरी कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली, जी घरी मराठी बोलतात पण मराठी वाचताना अडखळतात. शाळा अर्धवट सोडलेला तिसरा एक वर्ग आहेच, त्याला कोणताच फलक पुरेसा नाही.

म्हणून मुख्य भर तोंडी शिकवण्यावर हवा. यंत्रापाशी उभे करून, दाखवून, त्याच्याकडून करवून घेऊन. शिकवले की नाही हे सहीवरून ठरू नये, त्याला उलट सांगता आले की नाही यावरून ठरावे. तीन प्रश्न पुरेत. हे यंत्र कशाने इजा करते? ते पटकन बंद कसे करशील? काही झाले तर पहिल्यांदा कोणाला हाक मारशील? या तिन्हींची उत्तरे त्याने आपल्या भाषेत दिली, तर सही घ्या. नाही दिली, तर आणखी एक दिवस खर्च करा. पहिला महिनाभर एका जुन्या कामगाराला त्याचा जोडीदार करावे. हा जोडीदार त्याची भाषा बोलणारा असला तर फारच उत्तम. यंत्र बदलले, खाते बदलले की हे सारे पुन्हा करावे. कंत्राटदाराकडून आलेल्या मुलांना या शिकवणीतून वगळले जाते, तेही थांबावे. यंत्राला कायम आणि कंत्राटी हा फरक कळत नाही.

इजा झाल्यावर काय करायचे हेही याच शिकवणीत यावे. भाजले तर सुमारे २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यांतले काही लावू नये. चिकटलेले कापड ओढू नये. डोळ्यात कण गेला तर चोळू नये. बोट तुटले तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी, बोट थेट बर्फात ठेवू नये. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असलेल्या कामगाराला कामावरील इजेचे संरक्षण पहिल्या दिवसापासून असते, किती महिने काम केले हे त्यासाठी पाहिले जात नाही. ते नाव नोंदले आहे का, हे घरच्यांनीही विचारावे.

मागणी सर्वांसाठी

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आपण मराठीसाठी जे मागतो तेच दुसऱ्यासाठीही मागायला हवे. बेळगावातल्या आणि कोल्हापूर बाजूच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील कारखान्यांत आज बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली मुले काम करतात. कोल्हापूर बाजूला कन्नड बोलणारेही आहेत. तेथील फलक आणि फोरमन मराठी असतात, आणि आपला पोरगा उद्यमबागेत ज्या नजरेने पाटीकडे पाहतो त्याच नजरेने ओडिया मुलगा तेथील मराठी पाटीकडे पाहतो. १९४८ च्या कायद्याने बहुसंख्यांच्या भाषेचा विचार केला, पण खात्यात एकटाच असलेल्या माणसालाही रस तितकाच भाजतो. आपली मागणी ‘मराठीतही’ अशी असावी, आणि तिच्या पोटात ‘प्रत्येकाला समजेल अशा भाषेत’ ही मोठी मागणी असावी. तसे असेल तर कोणाही समंजस कन्नड भाषिकाला तिच्यात आक्षेपार्ह काही दिसणार नाही.

यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. कारखानदारांपैकी अनेक जण स्वतः मराठी आहेत. एका पानाचा मराठी-कन्नड-हिंदी कागद आणि पहिल्या दिवसाचे दोन तास, एवढाच खर्च. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली, त्यानिमित्त दरवर्षी ४ मार्चपासून सुरक्षा सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात शपथ घेतात, बिल्ले लावतात. त्याच आठवड्यात प्रत्येक खात्यातील एका जुन्या कामगाराला नव्यांसमोर आपल्या भाषेत बोलायला उभे करावे. गावोगावच्या तरुण मंडळांनी गणेशोत्सवात एक संध्याकाळ यासाठी द्यावी. तीस वर्षे भट्टीवर काढलेली माणसे प्रत्येक गावात निवृत्त होऊन बसली आहेत. नव्याने नोकरीला निघालेल्या पोरांना त्यांच्यासमोर बसवावे, मग ती पोरे उद्यमबागेत जाणार असोत, गोव्याला वेर्ण्याला जाणार असोत की कोल्हापूरला.

आणि आयाबापांनी एक करावे. मुलगा पहिल्या दिवशी कामावरून आला की पगार किती आणि साहेब कसा, हे विचारून झाल्यावर आणखी एक विचारावे, “तुला काय काय सांगितलं, ते मला सांग बघू.” त्याने दहा गोष्टी सांगितल्या तर निर्धास्त व्हावे. तो नुसता “काळजी घ्या म्हणाले” एवढेच म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्याने फोरमनला पुन्हा विचारावे असे त्याला बजावून सांगावे. विचारण्यात कमीपणा नाही, आणि विचारण्याचा हक्क आता कायद्यानेही दिलेला आहे.